जांभळ्या करंगळीचा पाठलाग

गुंडूअण्णानं पिरनवाडीच्या क्रॉसवर जांबोटीची बस अडवून एक पोरगी पळवली, ही बातमी सोमवारी दुपारच्या जेवणाआधीच वडगावभर झाली. शहापुरात पोचेस्तोवर त्या बातमीत पोलीस आले. येळ्ळूर रोडच्या चहाच्या गाड्यावर तर गुंडूअण्णाच्या हातात कोयता आला, आणि त्याचे हात मनगटापर्यंत रक्तानं माखलेले बघणारे दोन साक्षीदारही निघाले.

आता खरं ते सांगायला पाहिजे, नाहीतर गल्लीला पाप लागेल. पोरगी पळवली नाही. ती आईच्या मांडीवरनं हललीसुद्धा नाही. बस अडवली हे निम्मं खरं. कोयता साफ खोटा. हात लाल होते हे मात्र शंभर टक्के खरं, पण त्याचं कारण असं की गुंडूअण्णा रंगारी आहे आणि त्या सकाळी त्याच्या कढईत लाल सूत शिजत होतं.

वडगावात पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल आणि मधल्या खोलीत भांडण अशी घरांची रचना असते. गुंडूअण्णाच्या घरात मागाच्या जागी रंगाच्या कढया आहेत. गल्लीतल्या साड्यांचं सूत आणि रेशीम तोच रंगवतो. लग्नाच्या पंगतीत त्याच्या शेजारी बसणारा माणूस आधी त्याची बोटं बघतो आणि मग आपलं ताट थोडं सरकवून घेतो. गुंडूअण्णाला त्याचं काही वाटत नाही. "माझ्या हाताचा रंग जात न्हाय म्हणूनच तुझ्या बायकोच्या साडीचा जात न्हाय," असं तो सांगतो, आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतो.

त्याचा डावा पाय पोलिओचा. गल्लीतली पोरं मागे चिडवायची, पण त्यानं चिडवणाऱ्यांचा धंदाच बसवला. "उजवा पाय बीमसारखा आणि डावा कांडीसारखा, दोनी पाय मागातलेच," असं तो स्वतःच सांगत सुटल्यावर दुसऱ्यानं काय बोलायचं? ज्याच्यावर सुताचे हजार वेढे बसतात तो जाडजूड बीम आणि धोट्यात घालायची ती काडीएवढी कांडी, हे वडगावच्या पोराला पाळण्यात कळतं. मागच्या बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटर हे त्याचं वाहन. तिला तो छकडा म्हणतो, आणि छकड्यासारखीच हाकतो.

हा पाय गेला कसा, ते त्याची आई सांगायची. गुंडू पायावर उभा राहायला लागला होता तेव्हा वडगावच्या दवाखान्यात पोलिओचे थेंब मिळायला लागले होते. पण डोस द्यायच्या वेळी आई त्याला घेऊन नंदगडला माहेरी गेली, भावाचं लग्न होतं. लग्न झालं, मांडवपरतणी झाली, मग म्हातारी म्हणाली आलीस तशी राहा की. वडगावात सिस्टर दारात येऊन गेली, तर पोर नंदगडला. नंदगडात कुणी विचारलं, तर पोर वडगावचं, पाव्हणं. मग एके दिवशी अंग तापलं, ताप उतरला, आणि पोर उभं राहीना. तेल झालं, शेक झाला, कुणी सांगितलं म्हणून अंगारा झाला. डॉक्टरनं मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ह्याला औषध नाही. होऊ न देणं एवढंच औषध, आणि ती वेळ गेली. "माझ्या पोराचा पाय लग्नाच्या जेवणात गेला," असं आई शेवटपर्यंत म्हणायची. गुंडूअण्णाला सगळ्यात जास्त राग तापाचाही नाही आणि लग्नाचाही नाही. त्याला राग आहे 'पाव्हणा' ह्या शब्दाचा.

म्हणून पोलिओचा रविवार आला की हा माणूस अंगात आल्यासारखा करतो. कढया थंड. आदल्या दिवशी स्कूटरला कर्णा बांधून गल्लीगल्लीत मराठीत एकदा आणि कन्नडमध्ये एकदा: "पाच वर्षांच्या आतल्या सगळ्या बाळान्ला दोन थेंब... ऐदु वर्षद ओळगिन मक्कळिगे एरडु हनी." मध्येच कुणाचं लहान पोर दिसलं की कर्ण्यावरनंच, "ए शामूच्या बायको, उद्या आणायचं हाय ह्याला, झोपवून ठेवू नको." शामूच्या बायकोचं नाव आजवर कुणाला ठाऊक नाही, पण तिच्या पोराचा डोस चुकला नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ह्या शनिवारी चहाच्या गाड्यावर मारुतीरावांनी त्याला अडवलं. मारुतीराव म्हणजे रिटायर झालेले मास्तर. गल्लीतल्या सगळ्या बातम्यांना पाय फोडायचं काम आता तेच करतात.

"गुंडोपंत, आपल्या देशातनं पोलिओ गेला म्हणून सरकारनंच सांगून दहा वर्षं होऊन गेली. तुम्ही अजून कुणाला हाकलताय?"

"गेला न्हवं, घालवलाय. शेजारच्या देशात अजून हाय की. तिकडनं कुणाच्या पोटातनं कधी येईल, सांगून येतोय व्हय?"

"पोटातनं?"

"मास्तर असून विचारताय? पोटातच ऱ्हातोय तो. परसाकडनं पाण्यात, पाण्यातनं हाताला, हातातनं दुसऱ्या पोराच्या तोंडात. शंभर पोरान्ला झाला तर बहुतेकान्ला कळतबी न्हाय, हसत खेळत दुसऱ्याला देत्यात. कळतंय ते माझ्यासारख्या एखाद्याला. म्हणून हात धुवायचे, आणि गल्लीतल्या एकूण एक पोराला पाजायचं. साडीत एक तार तुटली तर रेघ कुठंपर्यंत जाती, बघितलाय न्हवं?"

"पदरापर्यंत," मारुतीराव म्हणाले, आणि त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले. ही बातमी त्यांनी मात्र कुणाला सांगितली नाही.

इथवर गुंडूअण्णाचं सगळं बरोबर होतं. घोटाळा पोरांनी केला.

शनिवारी संध्याकाळी कर्णा ऐकून गल्लीतली शाळेची पोरं गुंडूअण्णाच्या परसात 'पोलिओ-पोलिओ' खेळत बसली. एक पोरगी सिस्टर झाली, एक पोरगा गुंडूअण्णा होऊन लंगडायला लागला, आणि बाळ कोण व्हायचं ह्यावरनं मारामारी व्हायच्या आत जयाबाईची नात तेजस्वी तिथं दुडदुडत आली. साडेतीन वर्षांची, त्या सगळ्यांत तीच खरं बाळ. झालं, तिला पाटावर बसवली, आ कर म्हणाले, तोंडात पाण्याचे दोन थेंब टाकले, आणि खऱ्या सिस्टर करतात तशी खूण म्हणून तिची डाव्या हाताची करंगळी जांभळ्या रंगाच्या वाटीत बुडवून काढली. गुंडूअण्णाचा रंग तो. साबणाला भीक घालणारा नव्हे.

रविवारी अंगणवाडीत बूथ लागला. थेंब पाजायला आशा कार्यकर्ती रूपाली, आणि दारात गुंडूअण्णा. त्याचं काम ओळ लावायचं. पण हा गडी नुसती ओळ लावून गप बसणारा नव्हे. पोर आलं की डावी करंगळी वर करायची, खूण नसली तर "चल आत", असली तर "झालंय, परत कशाला, मिठाई हाय व्हय?" बायका हसायच्या, गुंडूअण्णाला मूठभर मांस चढायचं.

अकराच्या सुमारास जयाबाई नातीला कडेवर घेऊन आली. सून नीलम मागावर बसलेली, साडी उतरवून द्यायची होती, म्हणून सासू आली. गुंडूअण्णानं तेजूची करंगळी वर केली.

"जयाक्का, झालंय की हिचं. जांभळं बोट दिसंना व्हय? आई घिऊन आलती वाटतं सकाळी, मी चहाला गेलतो तवा."

जयाबाईनं ते बोट बघितलं आणि तिचा चेहरा रंगाच्या कढईसारखा उकळला. "आलती व्हय? आणि मला सांगितलं न्हाय. म्हातारीला उन्हात हेलपाटा घालायला लावला." ती तशीच फिरली. घरी जाऊन नीलमला एक शब्द बोलली नाही. आता जयाबाई बोलत नाही म्हणजे नीलमनं विचारायचं नाही, हा त्या घरातला जुना नियम. नीलमला वाटलं, आत्यांनी, म्हणजे सासूनं, डोस पाजून आणला. आत्यांना वाटलं, सुनेनं आपल्याला टाळून पाजून आणला. दोघींच्या अबोल्यात पोरगी कोरडीच राहिली, आणि गुंडूअण्णा संध्याकाळी बूथ गुंडाळताना म्हणत होता, "आपल्या गल्लीत एक पोर राहिलेलं न्हाय. लिहून घे."

सोमवारी सकाळी तो लाल सुताच्या कढईत दांडा फिरवत असताना जयाबाई दारात आली. हातात तेजूचा पांढरा झगा, पोटावर जांभळा डाग.

"गुंडू, तुझ्या रंगाला झाकण न्हाय व्हय रं? शनवारी पोरीनं बोट बुडवलं आणि झग्याला पुसलं. चार पाण्यातनं काढला, डाग हलंना."

"शनवारी?" गुंडूअण्णाचा दांडा थांबला. "कुठलं बोट, आक्का?"

"कुठलं म्हणजे? करंगळी. तुझा पोलिओ खेळत हुती म्हणं कार्टी."

गुंडूअण्णा कढईजवळच्या फळीवर मटकन बसला. लाल पाणी उकळत होतं, त्यातलं सूत करपायला आलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. काल त्यानं धरलेलं ते बोट डोळ्यांपुढं आलं. सगळ्या गल्लीत ज्याला रंग कळतो तो एकटा माणूस, आणि स्वतःचाच जांभळा त्याला ओळखता आला नव्हता. मिरवायच्या नादात.

"आक्का, नीलमनं पोरीला काल आणलीच न्हवती काय?"

"मला काय म्हाईत? तूच म्हणालास आणलती म्हणून."

"नीलम कुठाय?"

"गेली की पोरीला घिऊन माहेरला. जांबोटीच्या फुडं, शेतातल्या घरात. भाताची मळणी हाय, म्हयनाभर येणार न्हाय. आत्ताच गेली, बस गाठायला."

गुंडूअण्णा उठला तो असा उठला, की जयाबाई दोन पावलं मागं झाली. नीलमला फोन लावला. तिचा फोन घरातच चार्जिंगला. मागाच्या खोलीतनं तिच्या नवऱ्यानं उचलला. आठ माग चालू असताना तो नुसताच "हॅलो? कोण? सूत संध्याकाळी न्हेतो" म्हणत राहिला. गुंडूअण्णानं फोन ठेवला आणि लालभडक हातांनीच स्कूटर काढली.

रूपाली गल्लीच्या तोंडालाच घरोघरी फिरत होती, खांद्याला बर्फात ठेवलेल्या लसीचा डबा, हातात दारांवर खूण करायचा खडू.

"रूपाली, बस मागं. एक पोर राहिलंय."

"अण्णा, हात बघा तुमचे. कुणाला मारून आलाय?"

"स्वतःला. बस."

सगळं ऐकल्यावर रूपाली म्हणाली, "अण्णा, एवढं घाबरू नका. तिकडंबी माणसं फिरत्यात आज उद्या. निरोप धाडू या."

"जांबोटीच्या फुडं, रानातल्या घरात? तिथं कोण जाऊन विचारणार? आणि विचारलंच तर काय सांगतील, पोर वडगावचं हाय, पाव्हणं हाय. हितं विचारलं तर, पोर जांबोटीला हाय. आणि बोट बघितलं तर संपलंच, माझा रंग चार आठवडं जायचा न्हाय." त्यानं स्कूटर वळवून घेतली. "गेल्या खेपेला सर्दी होती म्हणून त्यांनी आणली न्हवती. ह्या खेपेला मी परत पाठवली. मी."

रूपालीनं दवाखान्यातल्या मॅडमना फोन लावला. पलीकडनं मॅडम कन्नडमध्ये वैतागल्या, मग "आयतु, होगी बेग बन्नि" म्हणाल्या. जा आणि लौकर या. रूपाली मागे बसली, डबा मांडीवर आवळून.

स्टँडवर जाण्यात अर्थ नव्हता, गोवावेसच्या गर्दीतच बस सुटून गेली असती. पण जांबोटीची बस खानापूर रस्त्यानं पिरनवाडीला येऊन तिथनं उजवीकडं वळते, हे गुंडूअण्णाला पाठ. त्यानं मजगावचा आतला रस्ता धरला. उद्यमबागेच्या कारखान्यांसमोरनं ती चार चाकांची स्कूटर अशी निघाली की पाळी सुटून आलेले कामगार बाजूला उभे राहून बघायला लागले. खड्डा आला की डबा उडे, रूपाली उडे, गुंडूअण्णा मात्र चिकटलेला.

"अण्णा, हळू. लस ऱ्हाईल, मी ऱ्हाणार न्हाय."

"डबा उन्हात धरू नको, पदर टाक त्यावर."

"पदर तुमच्या चाकात जाईल."

"मग ओढून घे. बोलू नको, डबा धर."

पिरनवाडीच्या क्रॉसवर बस थांबलेलीच होती. भाजीच्या पाट्या वर चढत होत्या, कंडक्टर शिट्टी तोंडात घेऊन होता. गुंडूअण्णानं स्कूटर नेऊन बसच्या पुढ्यात लावली, आडवी. म्हणजे अडवली म्हणाल तर अडवली. पण थांबलेल्या बसला अडवण्यात शौर्य कसलं. रूपालीचा हात धरून तो पायऱ्या चढला तेव्हा पुढच्या सीटवरची म्हातारी त्याचे हात बघून "आई गं" म्हणाली आणि तिनं आपली पाटी पोटाशी धरली. कोयत्याची गोष्ट तिथनं सुरू झाली असणार.

"याक्री, एनातु?" काय झालं म्हणून कंडक्टरनं विचारलं.

"पोलिओ, सर. एरडु हनी. दोनच मिनिटं."

नीलम तिसऱ्या बाकावर होती, तेजू मांडीवर, खिडकीतनं बाहेर बघत. अण्णाला बघून नीलम उठायलाच लागली. "काय झालं अण्णा? घरात कोण..."

"कोण न्हाय, सगळी बरी हाईत. नीलम, काल पोरीला थेंब पाजलं न्हाईत."

"आत्यांनी पाजून आणलं की."

"त्यांनी आणली, मी परत धाडली. बोट रंगाचं हुतं, मला औषधाचं वाटलं."

नीलमला हे पचायला वेळ लागला. मग तिला आत्यांच्या अबोल्याचं कारणही कळलं, आणि तिनं कपाळाला हात लावला. "पण अण्णा, सकाळपासनं तिचं पोट जरा बिघडलंय. दोनदा झालं. आता नको, बरी झाल्यावर बघू."

रूपाली पुढं झाली. "वैनी, पोट थोडं बिघडलं, सर्दी झाली, अंग कोमट लागलं तरी थेंब चालतात. लई आजारी, दवाखान्यात ठेवायसारखं पोर असलं तर गोष्ट येगळी. आणि अंगणवाडीत तुमचं नेहमीचं डोस, सुई झाल्यात न्हवं? झाल्या तरी हे द्यायचंच. जादा झालं म्हणून काही बिघडत न्हाय."

नीलम बसली. पण खरी अडचण नीलमच्या मांडीवर होती. तेजूनं ओठ असे आवळले की जणू शिवून घेतले. जांभळी करंगळी तिनं गुंडूअण्णाच्या नाकासमोर धरली.

"माझं झालंय. तूच म्हणालास."

आख्खी बस हसली. भाजीची पाटी हसली, कंडक्टर हसला, ड्रायव्हर आरशातनं हसला. गुंडूअण्णाच्या कानापर्यंत रंग चढला, आणि हा रंग कढईतला नव्हता. पंधरा-वीस वर्षं ज्यानं कर्ण्यावरनं गल्लीला शहाणपण शिकवलं त्याला ही साडेतीन वर्षांची बाई सगळ्या खानापूर रस्त्यासमोर जाब विचारत होती. त्याला वाटलं, रूपालीनं काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. रूपालीनं नुसतं डब्याचं झाकण उघडलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

गुंडूअण्णा डावा पाय हातानं सरकवून दोन बाकांच्या मध्ये खाली बसला, तेजूच्या डोळ्यांसमोर डोळे आले.

"तेजू, मी चुकलो गं. ती खूण औषधाची न्हवती, माझ्या वाटीतली हुती. मी नीट बघितलं न्हाय. तुला विचारलंबी न्हाय."

"परत चुकशील?"

"न्हाय."

तेजूनं विचार केला. शनिवारच्या खेळात आ करायचं तिला शिकवलेलंच होतं. तिनं तोंड उघडलं, इतकं मोठं की मागच्या बाकावरनं पडजीभ दिसली. रूपालीनं दोन थेंब सोडले. तेजूनं तोंड वाकडं केलं, गिळलं, आणि हात पुढं केला: खरी खूण पाहिजे. जांभळ्यावर जांभळं दिसेना, म्हणून रूपालीनं नखावर जाड काळी रेघ ओढली. नीलमला बजावलं, "तिकडं कुणी आलं आणि बोटावरनं गोंधळ झाला, तर तुम्ही तोंडानं सांगायचं, पिरनवाडीच्या क्रॉसवर, बसमधी झालं म्हणून."

"हे कोण खरं मानणार गं?" नीलम म्हणाली, आणि आता तीही हसायला लागली होती.

बस गेली. गुंडूअण्णा स्कूटरवर बसला, पण किल्ली फिरवेना. रूपालीला वाटलं दमला असेल. तो म्हणाला, "काल किती पोरं मी बोट बघून परत धाडली असतील गं? सगळ्यांच्या घरी जायचं." आणि दुपारभर ती दोघं त्या घरांतनं फिरली. प्रत्येक दारात गुंडूअण्णा आधी स्वतःची चूक सांगे आणि मग पोराच्या आईला विचारे. एकीला आपल्या पोराला थेंब मिळाले होते की नाही हे छातीवर हात ठेवून सांगता येईना. तिच्या पोराला रूपालीनं तिथंच उंबऱ्यावर पाजलं. लाल सूत तोवर करपून तपकिरी झालं होतं. त्याच्या मालकानं जे बोलायचं ते बोलून घेतलं.

नीलमनं माहेरच्या फोनवरनं सासूला फोन केला. दोघी किती वेळ बोलल्या ते गल्लीला माहीत आहे, कारण जयाबाईचा आवाज मागांच्या वर जातो.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर मारुतीराव दबा धरून बसले होते. कोयत्याची बातमी कुणी जोडली ते कुणी विचारलं नाही, पण मारुतीरावांनी पहिला घोट घ्यायच्या आधीच गुंडूअण्णाला धरलं.

"काय गुंडोपंत, रंगारी असून रंग ओळखता आला नाही म्हणे. आता पुढच्या पोलिओच्या रविवारी बूथच्या दारात कुणी दुसरा डोळस माणूस बसवायचा, की तुम्हीच?"

हसणारे हसले. गुंडूअण्णानं लाल हातात बशी धरली, चहा ओतला, फुंकर घातली.

"मीच बसणार, मास्तर. पण आता नुसतं बोट बघणार न्हाय, आईला विचारणार, आणि शंका आली तर सरळ पाजणार. दोनदा पाजलं म्हणून गल्लीतल्या कुणाचा पाय वाळलेला न्हाय. एकदा ऱ्हायलं म्हणून माझा वाळलाय."